आठवीतला मुलगा वाचत नाही, म्हणून त्याचा इतिहास अडवू नका

पत्र

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा आठवीची वर्गशिक्षिका आहे. पटावर 58 मुलं. त्यांतल्या सात-आठ जणांना चौथीचा धडाही धड वाचता येत नाही. तिघांचं सांगते. एक मुलगा आजीजवळ राहतो, आईवडील ऊसतोडीला. पहिलीपासून त्यानं शाळा बुडवलेली नाही. मुकादमाकडून उचल किती घेतली, किती टन झाले, किती फिटले, सगळा हिशेब तोंडी करतो. पण पुस्तक पुढ्यात आलं की घामाघूम. दुसरी मुलगी तांड्यावरची. प्राथमिकची तीन-चार वर्षं ती दिवाळीनंतर आईबरोबर फडावर असायची. अक्षरं ओळखते, शब्दाला अडते. तिसरा मुलगा धडाधड वाचतो, आणि काय वाचलंस म्हटलं की गप्प. ही मुलं आळशी आहेत, डोक्यानं कमी आहेत, की हा काही आजार आहे? मी बीएड केलं ते साहित्य शिकवायला. वाचायला कसं शिकवायचं हे मला कुणी शिकवलंच नाही. बाराखडीपासून सुरू करू का? वेळ कुठून आणू? आमचे मुख्याध्यापक म्हणतात, आता उशीर झाला. नववीत बघू, नाहीतर सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा, फॉर्म भरायला लावू.

— एक वर्गशिक्षिका

उत्तर

ताई,

वाचायला शिकवणं कुणी शिकवलं नाही, हे तुम्ही सरळ लिहिलंत ते बरं केलंत. बहुतेक माध्यमिक शिक्षकांची हीच गत आहे, फक्त ते बोलत नाहीत. माध्यमिकला येणारं मूल वाचत येतं हे आपल्याकडे गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी 2023 मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचू शकला नव्हता. तेव्हा 58 पैकी सात-आठ म्हणजे तुमची शाळा काही जगावेगळी नाही. फरक एवढाच, की तुम्ही मोजलंत.

माझं सांगणं थोडक्यात असं. दोन कामं एकाच दिवशी सुरू करा आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. एक, या मुलांना वाचायला शिकवा. दोन, ती वाचायला शिकेपर्यंत त्यांचं विज्ञान, इतिहास, भूगोल कानानं आणि तोंडानं चालू ठेवा. पहिल्या कामाबद्दल सगळे बोलतात. दुसरं बहुतेक शाळांत होतच नाही. ‘आधी वाचायला शीक, मग बघू’ असं म्हणत मुलाला दोन वर्षं बाकी सगळ्यापासून लांब ठेवलं जातं. मग त्याला कसंबसं वाचता येऊ लागतं तेव्हा पुस्तकातले निम्मे शब्द त्यानं कधी ऐकलेलेच नसतात. वाचूनही काही कळत नाही, आणि आपण पुन्हा म्हणतो, बघा, डोक्यानंच कमी.

तुमच्या त्या हिशेबी मुलासारखाच एक मुलगा वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 1896 साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हुशार, चुणचुणीत, खेळात कुणापेक्षा कमी नाही, आणि गणितं नीट सोडवणारा. वर्षानुवर्षं शिकवूनही वाचन मात्र जवळजवळ शून्य. त्याच्या मास्तरांचं म्हणणं डॉक्टरनं नोंदवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आज ज्याला आपण डिस्लेक्सिया म्हणतो त्याची ही अगदी सुरुवातीची नोंद. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मास्तराला जे दिसलं ते आपल्या शिक्षक-खोलीत अजून ‘लक्ष देत नाही’ या तीन शब्दांत मिटवलं जातं.

पण थांबा, तुमच्या सात-आठ जणांना सरसकट डिस्लेक्सिया ठरवू नका. तुम्ही लिहिलेल्या तिघांची अडचण तीन वेगळ्या जागी आहे, आणि ती ओळखायला डॉक्टर लागत नाही. गफ आणि टन्मर या दोन संशोधकांनी 1986 साली एक सोपी मांडणी केली: समजून वाचणं हे दोन गोष्टींवर उभं असतं, अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि ऐकलेली भाषा समजणं. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी वाचन होत नाही. तुम्हाला फक्त कुठली बाजू लंगडी आहे ते पाहायचं आहे.

एकेका मुलाला एकटं बसवा. वर्गासमोर नाही, इतर शिक्षक चहा पितात त्या खोलीतही नाही. चौथीच्या पुस्तकातला त्यानं पाठ केलेला नसेल असा उतारा द्या, त्याची परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपून घ्या. चुका मोजू नका, कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा. पहिलं अक्षर पाहून अंदाजे शब्द ठोकतो का, म्हणजे ‘परिस्थिती’चं ‘परीक्षा’ होतं का? जोडाक्षर आलं की गिळतो का? वेलांटी कोणती हे न बघताच पुढे जातो का? मग पाच-सहा निरर्थक शब्द लिहून द्या: मटोर, लुपकी, झिंदळ, खर्तुप, ग्लेमी. ओळखीचे शब्द मुलं चेहऱ्यावरून ओळखतात, इथे ती सोय नाही. शेवटी तसाच दुसरा उतारा तुम्ही स्वतः वाचून दाखवा आणि त्यावर चार प्रश्न विचारा.

ऐकून सगळी उत्तरं बरोबर, पण मटोर-लुपकी जमत नाही, तर अडचण अक्षर उलगडण्यात आहे. माझा अंदाज, तुमचा हिशेबी मुलगा इथे निघेल. निरर्थक शब्द खाडखाड वाचले, पण ऐकूनही उत्तरं नाहीत, तर अडचण भाषेत आहे. हा तुमचा धडाधड वाचणारा. आणि तांड्यावरच्या मुलीचं दोन्हीकडे थोडं-थोडं कमी निघेल, कारण तिला शिकवायच्या वर्षांत ती उसाच्या फडात होती, आणि घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते. तिच्यात काही दोष आहे असं धरून चालू नका. तिला शिकवलंच गेलेलं नाही. अशी मुलं नीट शिकवलं की भराभर पुढे जातात, आणि त्यावरूनच पुढे फरक कळतो: सारखीच मदत मिळूनही जो सहा महिन्यांत जेमतेम हलतो त्याच्याबाबत विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) तपासणी करायची.

याआधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या सात-आठ जणांची नावं आठवणीनं पुढे करा. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, ‘अक्षरं उलटी दिसतात’ हीही एक लोकप्रिय समजूतच. पण फळा दिसत नसलेलं मूल वर्षानुवर्षं ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसून राहिल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतील, आणि चष्म्यानं सुटणारा प्रश्न चष्म्यानंच सोडवावा.

आता बाराखडी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीचं रंगीत पुस्तक देऊ नका. तो वाचणार नाही, आणि त्यानं का वाचावं? बाकावर शेजारी बसणाऱ्यानं ते पुस्तक पाहिलं तर उद्यापासून तो शाळेत येणार नाही. त्याला न येणारी अक्षरं जरूर शिकवा, पण आठवीच्या शब्दांतून.

इथे आपल्या लिपीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठीच्या शिक्षकांनासुद्धा हे सांगावं लागतं. ‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो’ हे आपण अभिमानानं म्हणतो आणि त्यामुळे अडखळणाऱ्या मुलाची अडचण आपल्याला दिसतच नाही. ‘दिवस’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर. ‘वर्गीकरण’मध्ये रफार ‘ग’च्या डोक्यावर बसतो, म्हणायचा ‘ग’च्या आधी. तोच ‘र’ ‘प्रकाश’मध्ये खाली तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’खाली काकपदासारखा लटकतो, ‘सुऱ्या’मध्ये आणखी वेगळा दिसतो. एका ‘र’ची इतकी सोंगं. अनुस्वाराचं तेच: अंक, अंत, आंबा, संयम, अंश, टिंब एकच आणि नाकातला आवाज दरवेळी निराळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा आहे हे लिपी सांगत नाही, बोलणाऱ्याला माहीत असतं. ज्या मुलीच्या घरात मराठी बोलत नाहीत तिला ते माहीत असेलच असं नाही.

सगळ्यांत मोठा अडथळा मात्र न लिहिलेल्या ‘अ’चा. ‘सरपण’ हा शब्द मुलगा स-र-प-ण असा चार अक्षरं मोजून वाचतो. त्याला अर्थ लागत नाही, कारण रोज जे सरपण तो आणतो त्याचा आवाज ‘सर-पण’ असा दोन तुकड्यांचा आहे. अक्षर-अक्षर वाचायला आपणच शिकवलं, आणि तिथेच तो रुतून बसला. म्हणून शब्द अक्षरांत न तोडता तुकड्यांत तोडायला शिकवा: सर-पण, कर-वत, काळ-जी. पेन्सिलनं तुकड्यांखाली कमानी काढा. वरवर क्षुल्लक वाटतं, पण अडखळणाऱ्या मुलांना याचा उपयोग फार लवकर होतो.

दुसरी पायरी प्रत्ययांची. मराठी शब्द लांब होतो तो शेपटीनं: कारखाना, कारखान्यात, कारखान्यांमध्येसुद्धा. मुलाला आधी शेपूट ओळखायला शिकवा, ‘-मध्ये’, ‘-पासून’, ‘-साठी’, ‘-सुद्धा’, ‘-पेक्षा’. ती झाकायची, उरलेला शब्द वाचायचा, मग शेपूट लावायची. शेपूट झाकल्यावर ‘कारखान्यां’ उरतो, ‘कारखाना’ नाही, हेही दाखवायचं. व्याकरणात सामान्यरूप शिकवताना आपण जे कंटाळवाणं करून ठेवतो तेच इथे वाचनाची किल्ली होतं.

आणि तिसरी पायरी पाठ्यपुस्तकी शब्दांची. तुमच्या भागातल्या प्रत्येक मुलाला ‘सहकारी साखर कारखाना’ ही पाटी बघून-बघून पाठ असते. त्यातला ‘सहकार’ वेगळा काढा, त्यापुढे ‘अ’ लावा: असहकार. आठवीच्या इतिहासातला अख्खा धडा त्या मुलासाठी उघडला. मग ‘सविनय’, स आणि विनय. ‘वर्गीकरण’मधला ‘वर्ग’, ‘औद्योगिकीकरण’मधला ‘उद्योग’. फळ्यावर रोज असे दोन शब्द फोडा, सगळ्या वर्गासाठी. उरलेल्या पन्नास मुलांचंही भलंच होईल, आणि त्या सात-आठ जणांना वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. हे काम विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनाही करायला लावा. ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द वाचायला शिकवणं विज्ञानाच्या तासाचंच काम आहे. ते कुरकुर करतील. करू द्या.

वेळेचं म्हणाल तर मला वाटतं आठवड्यातून चार दिवस, वीस-वीस मिनिटं, तीन-चार मुलांचा गट, आणि यात खंड नाही. शनिवारी दोन तास जादा घेण्यापेक्षा हे बरं. खेळाच्या तासातून वेळ कापू नका. दिवसभरात ज्या एका तासाला हा मुलगा कुणापेक्षा कमी नसतो तोच त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. ऑफ तास, परिपाठाआधीची वेळ, मधल्या सुट्टीचा उत्तरार्ध, यांतलं काहीतरी मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात लिहून घ्या. वेळापत्रकात नसलेली गोष्ट दुसऱ्या आठवड्यात बंद पडते.

वीस मिनिटांत काय करायचं? शंभरेक शब्दांचा एकच उतारा चार दिवस. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, मुलं बोट फिरवतील. नंतर तुमच्याबरोबर, मग जोडीनं, चौथ्या दिवशी एकट्यानं. उतारा सोपा पण वयाला शोभेल असा. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात. इतिहासातल्या चालू धड्याची शंभर शब्दांची सोपी आवृत्ती लिहायला तुम्हाला फार तर दहा मिनिटं लागतील, आणि मुलगा त्याच आठवड्यात वर्गात त्या विषयावर हात वर करू शकेल. काट्यावरची उसाच्या वजनाची पावती, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, क्रिकेटची बातमी, हेही चालेल. पहिल्या आणि चौथ्या दिवसाचा आवाज फोनवर टिपून ज्याचा त्यालाच ऐकवा. दुसऱ्या कुणाशी तुलना नको. जोडीला नववीतला एखादा समंजस मुलगा-मुलगी घेता येईल, पण त्याच वर्गातला हुशार विद्यार्थी जोडीला देऊ नका, त्यानं मैत्री बिघडते.

धडाधड वाचणाऱ्याला या गटात बसवू नका, त्याचा वेळ फुकट जाईल. त्याला दर परिच्छेदाला थांबवा आणि पुस्तक मिटून ‘आत्ता काय झालं’ ते त्याच्या शब्दांत, घरच्या बोलीत सांगायला लावा. न कळलेला एक शब्द त्यानं दर पानावर शोधून काढायचा. आतापर्यंत त्याला वेगाबद्दल शाबासकी मिळाली आहे. आता ती अडल्याबद्दल द्या.

आता दुसरं काम, विषय चालू ठेवण्याचं. चाचणीची प्रश्नपत्रिका या मुलांना वाचून दाखवा. विज्ञानाच्या पेपरात तुम्हाला त्याचं विज्ञान तपासायचं आहे. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही साधनं आहेतच, ती कागदोपत्री न भरता खरोखर वापरा. धडे फोनवर वाचून ठेवा. तुम्ही नाही तर दहावीतली चांगलं वाचणारी मुलगी. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड स्कॅन केले की ‘दीक्षा’ अ‍ॅपवर त्या-त्या धड्याचं साहित्य मिळतं, पण धडा ऐकत पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवण्याची सर त्याला नाही. वर्गात रांगेनं एकेकाला उभं करून वाचायला लावण्याची प्रथा तेवढी बंद करा. ज्याला येतं त्याला त्यातून काही मिळत नाही. ज्याला येत नाही तो आपला नंबर कितवा हे मोजत अख्खा तास घालवतो. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगणंही तसंच: तो चित्र काढल्यासारखा दहा वेळा उतरवून आणतो आणि अकराव्या वेळी पुन्हा चुकतो.

घाई एका कारणासाठी आहे. शासनानं 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात आणि पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण झालं नाही तर मूल त्याच वर्गात ठेवलं जाऊ शकतं. ज्या मुलाला वाचायला शिकवलं गेलं नाही त्याला तोच वर्ग पुन्हा दिल्यानं वाचन येत नाही. तेव्हा आठवीचं हे वर्ष हातचं जाऊ देऊ नका.

मुख्याध्यापकांशी बोलताना भावनेला हात घालू नका, कागद दाखवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता हा 21 प्रकारांपैकी एक आहे. त्याच्या कलम 16 नुसार शासनमान्य आणि अनुदानित शाळांसाठी असं बंधन आहे की मुलांमधली अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्यात योग्य ते बदल करावेत. ‘उशीर झाला, नववीत बघू’ हे त्या कलमात बसत नाही. सतरा नंबरबद्दल मी स्पष्टच लिहिते: मुलाच्या सोयीसाठी तो फॉर्म भरला जात असेल तर एकवेळ ठीक. पण अनेकदा तो शाळेच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी राखण्यासाठी भरायला लावतात, आणि शाळेच्या दाराबाहेर काढलेल्या मुलाला अभ्यासाला धरून ठेवणारं मग कुणी उरत नाही. नेहमीची दहावी खरोखरच झेपणार नाही असं पुढे दिसलं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे; तिथे विषय निवडता येतात आणि पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं उत्तीर्ण होता येतं. तो निर्णय मात्र पालकांशी बसून, दहावीच्या तोंडावर घ्यायचा. आठवीत नाही.

हिशेबी मुलाच्या तपासणीची तयारी मात्र आत्ताच सुरू करा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या शासकीय योजनेतले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. त्यांचं काम प्राथमिकपुरतं नाही, बारावीपर्यंत आहे. माध्यमिक शाळा त्यांना बोलावतच नाहीत म्हणून ते येत नाहीत. शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, सोबत तुम्ही टिपलेले आवाज, त्याच्या वह्या आणि सहा महिन्यांची नोंद जोडा. ती नोंद तुमच्या पदवीपेक्षा जास्त कामाची आहे. चाचण्या कुठे होतील, जिल्हा रुग्णालयात की अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात, हे त्यांच्याकडूनच विचारून घ्या, नाहीतर आजीच्या फेऱ्या वाया जातात. बुद्ध्यांक, वाचन-लेखन, डोळे, कान अशा वेगवेगळ्या तपासण्या असतात, एका दिवसात उरकत नाहीत. चाचणी मराठीतून व्हावी हा आग्रह धरा. मुलगा मराठी माध्यमात शिकतो. त्याला इंग्रजी शब्दांवर तपासून काय कळणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची तपासणी मराठीसह चार भाषांत तयार केलेली आहे, पण ती पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. तुमच्या शेजारच्या प्राथमिक शाळेला तिच्याबद्दल जरूर सांगा.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला राज्य मंडळाच्या सवलती लागू होतात: दर तासामागे 20 मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर खालच्या इयत्तेतला लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी दुसरा विषय. या सवलती महाराष्ट्रात 1996 पासून या ना त्या स्वरूपात आहेत. मुंबईत सायन रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता केंद्रामुळे शहरी पालकांना त्या लवकर कळल्या, बीडच्या आजीला अजून कुणी सांगितलेल्या नाहीत. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, म्हणजे तुमच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला, वेळेत जायला हवा. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही सवलत आहे, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत तिच्या जवळही जाऊ नका. त्याची अडचण वाचनात आहे. हिशेबात तो वर्गाला पुरून उरतो, आणि गणित सोडलं की पुढचे काही रस्ते बंद होऊ शकतात. सवलत आहे म्हणून घ्यायचीच, असं करणारे पालक आणि शाळा दोन्ही पाहिल्या आहेत.

जादा वेळ आणि लेखनिक दहावीत एकदम दिले तर त्यांचा उपयोग होत नाही, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. आठवी-नववीच्या घटक चाचण्यांतच त्याला सांगायची सवय लावा. शाळांतर्गत चाचणीत प्रश्न वाचून दाखवायला आणि थोडा जास्त वेळ द्यायला प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही, मुख्याध्यापकांची सही पुरते. दहावीला भाषांमध्ये 20 गुण तोंडी आणि अंतर्गत कामाचे असतात, विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे. या मुलांनी ते कुठेही सांडता कामा नयेत.

आजीला शाळेत बोलावून ‘तुमच्या नातवाला अक्षमता आहे’ असं सांगू नका. तो हिशेब करतो ते आधी सांगा, मग वाचनाची अडचण सांगा, आणि त्याला रागावून-मारून काही होणार नाही हे स्पष्ट सांगा. आईवडिलांना फडावर फोन करून तुम्हीच बोललात तर जास्त बरं; आजीवर सगळा भार येतो.

राहिली तांड्यावरची मुलगी. तिच्यासाठी तुमच्याकडे वर्ष नाही, दिवाळीपर्यंतचे महिने आहेत. ती यंदा जाणार की राहणार हे तिच्या आईला आत्ताच विचारा, टोळी कधी निघणार तेही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तुमच्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह सुरू आहे का, जागा आहे का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात तुम्ही स्वतः करा, कारण आईला तिथे कुणी उभं करणार नाही. तांड्यावरच्या मुलीला एकटीला ठेवायला घरचे कचरतात ते का, हे तुम्हाला माहीत आहेच. शेजारच्या आणखी दोन मुली बरोबर असतील तर होकार मिळायची शक्यता वाढते, म्हणून तिघींच्या घरी एकाच दिवशी जा. आणि तरीही ती गेलीच, तर तुम्ही लिहिलेले ते शंभर-शंभर शब्दांचे उतारे आणि त्यांचे आवाज तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवून द्या. आठवड्याला एक उतारा तिनं वाचून, तिकडून आवाज टिपून तुम्हाला परत पाठवायचा, असं जाण्याआधी तिच्याशी ठरवून घ्या.